मगरीची वाळू तिला परत देण्याबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
वन विभाग, कोल्हापूर.

अर्जदार : शालूबाई गणपतराव खवरे, रा. मौजे चिंचओढा, नदीकाठ.

विषय : दारातील वाळूच्या ढिगात अंडी घातलेल्या मगरीचा आजच्या आज बंदोबस्त होणेबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायतीस फोन केला असता मिळालेले "लेखी द्या" हे उत्तर.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बाई वरील ठिकाणी पत्र्याच्या दोन खोल्यांत राहते. नदीकाठाला पूर्वी वाळूचा रुंद पट्टा होता. तिथे मगर ऊन खात पडायची, टिटव्या अंडी घालायच्या, आणि बायका वरच्या अंगाला धुणे धुवायच्या. कुणी कुणाच्या वाटेला गेले नाही. गेल्या साली गावाला चौपाटी करायची हुक्की आली. पट्टा खरवडला, फरश्या बसल्या, रात्रीचा दिवस करणारे दिवे लागले, भेळेच्या गाड्या आल्या, बोटी फिरू लागल्या. टिटव्या उठून गेल्या. मगरीने कुठे जायचे, हे कुणाच्या डोक्यात आले नाही, अर्जदाराच्याही नाही.

२. खरवडलेली वाळू चौपाटीवर मुलांच्या खेळासाठी लागेल म्हणून कंत्राटदाराने अर्जदाराच्या दारात ओतून ठेवली. उचला म्हटले की, "मावशी, माप झाल्याबिगर एक घमेलं हलणार न्हाय," असे उत्तर. फाल्गुनात एका सकाळी ढिगावर काहीतरी घसटत गेल्याची खूण दिसली. डुक्कर असेल म्हणून अर्जदाराने त्यावर सडा टाकला. साऱ्या काठाला तेवढीच मऊ वाळू उरली होती आणि मगरीने अंडी घालायला ती हुडकून काढली होती, हे नंतर कळले.

३. अर्जदाराची लेक संयोगिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिच्या खोलीची खिडकी ढिगावरच उघडते. मगर सुरुवातीला पाण्यातूनच डोळे वर काढून अंड्यांची राखण करीत असे. शेजारच्या बाळाबाई म्हणाल्या, "वैनी, भितीस कशाला? गंगेचं वाहन हाय ते. तीबी माहेराला आलीया की." त्यांनी ढिगाची ओटी भरली. झाले! सारी गल्ली खण-नारळ घेऊन दारात. पुढे कुणीतरी नवसाचे मटण ठेवले. मटणाला कुत्री आली, कुत्र्यांनी ढीग उकरायला घेतला, आणि मगर भरदिवसा पाण्यातून वर आली. एका कुत्र्याचे काय झाले ते अर्जदाराने खिडकीतून पाहिले.

४. आज सकाळपासून वाळूतून पिल्लांचा आवाज येतो आहे. मगर ढीग आणि दार यांच्या मधे आडवी पडली आहे. घराला दुसरे दार नाही. साहेब, संयोगिताला कळा सुरू झाल्या आहेत. रुग्णवाहिका कोपऱ्यावर उभी आहे. चालक म्हणतो, "आधी ती हलू दे, मग मी येतो." चौपाटीवरची माणसे कठड्यावर चढून मोबाईल धरून ओरडत आहेत, आणि तालमीच्या पोरांनी दगड गोळा केले आहेत. एक दगड लागला तेव्हा तिने शेपूट दारावर आपटली. दाराची खालची फळी निखळली आहे. आम्ही दाराला कपाट लावून बसलो आहोत. कपाटाला पाठ लावून लिहीत असल्याने अक्षर वाईट आले आहे, माफी असावी.

५. तरी हात जोडून विनंती की, गर्दी हटवावी, दगड थांबवावेत आणि नदीपर्यंतची वाट मोकळी करून द्यावी. तिने पिल्ले उकरून घेतली की ती आपणहून जाईल, तिला इथे राहायचे नाही. तिला मारू नये. पुढच्या साली तिने पुन्हा दारात येऊ नये असे वाटत असेल, तर ही वाळू काठावर नेऊन पसरावी आणि तिथले दिवे काढावेत. अर्जदार तिची कैवारी नाही. अर्जदारास तिचे भयंकर भय वाटते, हे लिहितानाही वाटते आहे. पण आत अर्जदाराची लेक कण्हते आहे आणि बाहेर मगरीची पिल्ले ओरडत आहेत. दोघींनाही इथून बाहेर पडायचे आहे आणि वाट एकच आहे.

आपली नम्र व भ्यालेली,
शालूबाई ग. खवरे
दि. २७ मे २०२५

सोबत : खिडकीतून काढलेला फोटो. जवळून काढता आला नाही.

ता. क. : अर्ज छपराचा पत्रा उचलून वरून बाळाबाईंच्या हाती दिला आहे. पोच नको. माणसे पाठवा.