द्राक्षांनी वेढलेल्या घराची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधील निवृत्त पर्यवेक्षिका, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे, आणि हा कागद दडपणाखाली लिहिलेला नसून दडपणाला उत्तर म्हणून लिहिलेला आहे. माझे अक्षर कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतले आहे. ते आजही थरथरत नाही, याची दोन्ही साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

याआधीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही पुतण्याला, म्हणजे माझ्या दिराच्या मुलाला, दिले होते. ते मी रद्द करते.

१. राहते घर. हे घर माझ्या पतीने बांधले आणि त्यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. तीन बाजूंना द्राक्षमळा आहे, चौथ्या बाजूला रस्ता. मळा ज्याचा आहे त्याला मी ‘मधाचं बोट’ म्हणते. तो माझ्याशी इतका गोड बोलतो की घरी आल्यावर चूळ भरावीशी वाटते. पुतण्या त्याच्याकडेच नोकरीला आहे, पाहुण्यांना मळे दाखवण्याच्या कामावर.

हा कागद वाचणाऱ्याला आमच्याकडची रीत माहीत नसेल, म्हणून सांगते. द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला गुलाब लावतात. भुरी नावाची बुरशी आधी गुलाबावर येते, मग वेलीवर. गुलाबाचे पान पांढुरके दिसले की मळेवाला फवारणीला धावतो. इथवर शहाणपण आहे. पण त्यातून असे रूढ झाले आहे की गुलाब आहे तिथे ओळ संपते, आणि ओळ संपते तिथे मळ्याची हद्द. कायद्यात असे काही नाही, असे वकील सांगतात. मोजणीदार मात्र फीत गुलाबापासूनच धरतो.

आमच्या शेजारी, आता मळा आहे तिथे, निवृत्त पोस्टमन राहत. मधाच्या बोटाने त्यांच्या अंगणात स्वतःच्या हाताने गुलाब लावून दिला. मी कुंपणावरून म्हटले, “अहो, उपटा तो.” तर म्हणतात, “बाई, फुकटचं आहे, वर वासही येतोय. नाही कसं म्हणायचं?” त्यांनी त्याला रोज पाणी घातले. मोजणी झाली तेव्हा अंगण मळ्यात निघाले. अंगण गेल्यावर घराला किंमत उरली नाही, म्हणून घरही देऊन टाकले. ते मुलीकडे राहायला गेले आणि तिथल्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या बसल्या संपले. मुलगी म्हणाली, आजार काहीच नव्हता.

गेल्या वर्षी पुतण्याला अचानक माझा पुळका आला. “काकू, तुम्ही कुठे बाहेर पडतच नाही. चला, मळे बघू.” दर रविवारी गाडी दारात. त्याची बायको, आमची सूनबाई, पुढच्या सीटवर, गॉगल लावून. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू? टेकडीवरचा मळा पाहिला, नदीकाठचा पाहिला. पिंपांच्या गार खोलीत चालून आले, चमच्याएवढी वाइन जिभेवर धरून ‘छान’ म्हणायला शिकले. वेलींच्या ओळी इतक्या सरळ, की माझ्या शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगा आठवल्या.

टेकडीवरच्या मळ्यात, तोही मधाच्या बोटाचाच, चव घेण्याच्या खोलीत एक लांब टेबल आहे. त्याला मधोमध एक चीर. पाहुणे तिच्यात वापरलेले कागदी रुमाल कोंबत होते. मी चिरेवरून बोट फिरवले. पत्रे टाकायला पोस्टमननी स्वतःच्या दाराला ती पाडली होती, वाकडी, आणि वाकडी झाली म्हणून महिनाभर बायकोची बोलणी खाल्ली होती.

मी विचारले, “हे दार कुठून आणलं?”

सूनबाई म्हणाली, “दार कुठलं काकू? टेबल आहे ते. किती क्यूट ना?”

त्या संध्याकाळी परत आले तर माझ्या फाटकाच्या आत गुलाब उभा होता. माती ओली होती. मी तो उपटला. पुढच्या रविवारी नदीकाठी गेलो, परतले तर दुसरा, पायरीजवळ. त्याच्या पुढच्या रविवारी झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली. मी घरात असले की एकही गुलाब येत नाही. मला घराबाहेर काढण्यासाठीच मळे दाखवत होते, हे ध्यानात यायला पर्यवेक्षिकेला इतके रविवार लागले. मदर सुपीरियर म्हणायच्या, प्रेमाने दिलेले नाकारू नये. मदर, तुम्हाला पुतण्या नव्हता.

हे घर मी आमच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला देते. ती माझी कोणी लागत नाही. दुपारी चहाला येते, माझ्याशी भांडते आणि भांडून झाल्यावर कप विसळून ठेवते. अट एकच. माझा जीव गेला त्याच दिवशी तिने मशीन घेऊन इथे राहायला यावे, आणि घर एक दुपारही रिकामे ठेवू नये. बाहेर जायचे तर कोणाला तरी बसवून जावे. ती म्हणते, “बाई, असलं अभद्र काय लिहिता?” अभद्र मी लिहीत नाही, ते खिडकीखाली लावलेले आहे.

२. बँकेतील ठेव घराच्या डागडुजीसाठी आणि मोजणीविरुद्ध लागेल त्या वकिलासाठी.

३. पतीची कुदळ, फावडे आणि छाटणीची कात्री शिवणकामवाल्या बाईलाच. कुदळ दाराशी ठेवावी, माळ्यावर नव्हे.

४. पुतण्यास: मी उपटलेले सर्व गुलाब, मुळांसकट. मागच्या पडवीत पोत्यात वाळत आहेत. काटे शाबूत आहेत. सूनबाईस माझा बोन चायनाचा टी-सेट, कारण तो येताजाता उलटा करून खालचा शिक्का ती वाचत असते. आता निवांत वाचावा.

५. अंत्यविधी इथेच व्हावा. “काकूंना त्यांच्या मूळ गावी नेऊ” असे पुतण्या म्हणेल. मूळ गाव कोणते? वडिलांच्या बदल्यांत सहा गावे झाली, एकाही गावात मला कोणी ओळखत नाही. सुट्टीत सगळ्या मुली घरी जात, मी वसतिगृहात सिस्टरांबरोबर वाटाणे सोलत बसे. पुढे एक्स्चेंजमध्ये तीस-पस्तीस वर्षे लोकांना त्यांच्या त्यांच्या घरी जोडून दिले. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “ही परकी, टिकायची नाही.” सासूबाई, मी टिकले. इथल्या नळाला कधी पाणी येते, कोणती फरशी हलते, पावसाळ्यात कोणते दार फुगते, हे जिला झोपेतही कळते तिचे हे घर. बाकी गावे कागदावर असतात.

६. हा कागद आजच का, तेही लिहिते. गेल्या रविवारी मी खात्री करून घ्यायलाच गेले, आणि जाताना दाराला कुलूप लावले होते. परतले तर कुलूप जसेच्या तसे, आणि स्वयंपाकघरात ओट्यासमोरची फरशी उचकटून तिथे गुलाब. घरात. अडीअडचणीला म्हणून किल्ली फक्त पुतण्याकडे आहे. मी फोन केला. तो म्हणाला, “काकू, तुम्हाला हल्ली भास होतात. डॉक्टरांना दाखवू या का?” आणि लगेच, “या खेपेला दोन दिवस राहायलाच जाऊ. लांबचा मळा आहे, शांत आहे. फोनबिन लागत नाही, मस्त आराम होईल.”

म्हणून डॉक्टरीणबाईंना मीच बोलावून घेतले. त्यांनी फरशी पाहिली, मला तपासले, आणि मी शहाणी असल्याचे वेगळ्या कागदावर लिहून दिले. फरशी पाहिल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. दुसरा साक्षीदार कुलूपवाला. त्याने आत्ताच पुढचे कुलूप बदलले. नव्या किल्ल्या दोन: एक माझ्याजवळ, एक शिवणकामवाल्या बाईजवळ. येत्या काही दिवसांत मला काही झाले, तर ते वयामुळे झाले असे या दोघांनी कोणालाही म्हणू देऊ नये.

हे लिहीत असताना बाहेर गाडी येऊन थांबली आहे. हॉर्न वाजला. आता दाराशी कोणीतरी जुनी किल्ली फिरवून पाहत आहे. कुलूपवाला म्हणतो, “फिरवू दे, लागणार नाही.” डॉक्टरीणबाई म्हणतात, “लवकर सही करा.”

सही मी सावकाश करते. वाचता आली पाहिजे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. कुलूपवाला (सही)

दिनांक: रविवार, द्राक्षतोडणीचा शेवटचा आठवडा

स्थळ: घर. आतून कडी लावून.