रेलण्याचं एक उदाहरण

प्रिय धाकट्या,

तीन वर्षांत तुझं एक पत्र नाही, म्हणून मीही फुगून बसले होते. शेवटी मीच लिहितेय. थोरलीने नमतं घ्यायचं, हा आपल्या घरचा जुनाच कायदा.

आमच्या शब्दकोशाचं काम 'र'पर्यंत आलंय. आठवडाभर मी एकट्या 'रेलणे'पाशी अडकलेय. मी शब्दाच्या चिठ्ठीवर अर्थ लिहिला, पाठ टेकून बसणे. संपादकबाईंनी चिठ्ठी परत पाठवली. म्हणाल्या, टेकलेला माणूस उठायच्या तयारीत असतो. रेलणारा आपला भार मागच्यावर सोडून देतो. शब्दाच्या मुळाबद्दल दोन जाणकारांची दोन मतं, तेव्हा त्या रकान्यात 'अनिश्चित' लिहून मोकळी झाले. राहिलं उदाहरण. आमच्याकडे ते पुस्तकातलं चालत नाही. कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं लागतं, आणि चिठ्ठीवर बोलणाऱ्याचा धंदा नि वार लिहावा लागतो.

म्हणून रविवारी बाबांना विचारलं. विचारून विचारलं कुणाला, म्हणशील! घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला. डोळ्याला भिंग आणि पाठ कायम पुढे वाकलेली. तू पहिल्या पगारातून आणलेल्या आरामखुर्चीतही ते काठावरच बसतात, बस सुटेल की काय अशा घाईत. "मला काय म्हातारा समजलास?" हे त्यांचं तेव्हाचं बोलणं तुझ्या जिव्हारी लागलं आणि तू बॅग उचललीस. पण ती खुर्ची त्यांनी जागची हलवू दिलेली नाही. झाडताना मी जरा सरकवली, तर दिवसभर माझ्याशी अबोला. यंदा त्यांचे हात कापायला लागलेत. गेल्या महिन्यात दुकान बंद केलं. तुला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवलं नाही. चुकलंच माझं.

तर बाबांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि एक वाक्य सांगितलं. मी सवयीने उतरवून घेतलं. लिहून झाल्यावर मात्र रडू आवरेना. कार्यालयात ती चिठ्ठी द्यायला मन होत नाही, म्हणून या पत्रासोबत तुला पाठवतेय:

रेलणे : "धाकटा आला, की मी त्या खुर्चीत रेलून बसेन." (घड्याळजी, रविवार)

चिठ्ठी मला परत हवी आहे. टपालाने नको, तू घेऊन ये.

तुझीच,
ताई