ओपलबाईंचं यादीबाहेरचं तिकीट

४ नोव्हेंबर
वकीलबाईंकडे गेलो. शॉनाचं बाळ आम्ही दत्तक घेणार. तिला आठवा महिना. बाळंतपणापर्यंत तिचं भाडं, डॉक्टर, किराणा, पोटाला होतील असे कपडे, सगळं आम्ही द्यायचं, तेही बाईंमार्फत. या खर्चाची यादी न्यायाधीश तपासतात. यादीबाहेर एक डॉलरही नको, असं बाईंनी दोनदा बजावलं. बाळंत झाल्यावर शॉना ‘नाही’ म्हणाली तर दिलेलं परत मागायचं नाही. हे मला कशाला सांगतात? मी माणूस ओळखतो.
ठराव: शॉनासमोर बाळाचा विषय काढायचा नाही.

९ नोव्हेंबर
काढला. नुसतं नाव सांगितलं. मुलगी झाली तर व्हर्ना, माझ्या आईचं. शॉना म्हणाली, “डेल, तुम्ही बोलता माझ्याशी आणि बघता पोटाकडे.” थट्टा असावी. मार्लिस म्हणते, थट्टा नव्हती. माझ्या बायकोला माणसं कळत नाहीत.

१५ नोव्हेंबर
शॉनाच्या गाडीचे ब्रेक नीट लागत नव्हते. मीच नवे पॅड बसवले. यादीत गाडी नाही, पण ब्रेक म्हणजे काही गाडी नव्हे.

१९ नोव्हेंबर
शॉना रडवेली. आई केंटकीत, दोन वर्षं अबोला. पोरीला धीर द्यायला कुणी नाही, म्हणून मन डळमळतं. आई जवळ असली की बाळ द्यायच्या कागदावर सही करताना मागे हटणार नाही. नंबर तिच्या फ्रिजवरच होता. उतरवून घेतला.

२० नोव्हेंबर
आईला, ओपलबाईंना, फोन लावला. त्यांनी दोनदा ठेवून दिला. तिसऱ्यांदा बोलल्या, मग रडल्या. बसचं तिकीट काढून दिलं. मार्लिसने विचारलं, वकीलबाईंना विचारलंस का? माणुसकी काय वकिलाला विचारून करायची?

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
मायलेकी आमच्याकडे जेवल्या. टर्की जरा कोरडी. ओपलबाईंचा हात सगळा वेळ लेकीच्या पाठीवर. आपलं काम सोपं होत चाललंय. मार्लिस अर्ध्या जेवणातून उठली. डोकं दुखत असेल.

६ डिसेंबर
ओपलबाई परत जायचं नाव काढत नाहीत. इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. उत्तम. बाळ आमच्याकडे आल्यावर शॉनाला सोबत हवीच.

१३ डिसेंबर
मुलगी. सहा पौंड. सही दोन दिवसांनी. काळजीचं कारण नाही.

१५ डिसेंबर
सही झाली नाही. शॉना बाळाला दुपट्यात गुंडाळत राहिली. ओपलबाईच बोलल्या.
“तुम्ही बोलावलं नसतंत तर मी आले नसते. मग हिने आज सही केली असती. देव तुमचं भलं करो, डेल.”
मनापासून म्हणाल्या.
गाडीत बाळाला बांधायची कार सीट असल्याशिवाय हॉस्पिटल बाळाला सोडत नाही. त्यांच्याकडे नव्हती. आमच्या गाडीतली काढून मीच त्यांच्या गाडीत बसवली. पट्टे दोनदा ओढून पाहिले. मुलगी झोपेत होती.
घरी येताना मार्लिस माझ्या शेजारी बसली नाही. मागे, सीट काढलेल्या जागी बसली.