शिकागोजवळ

१४ जुलै, रविवार

आज लेकीच्या देखत खोटं बोलले. अगदी खोटं नाही... नाही, खोटंच.

मीना आयोवाहून व्हिडिओ कॉलवर होती. काल रात्री काढलेला व्हिडिओ तिनं पाठवला होता. घरामागं मक्याचं रान आणि त्यावर काजवेच काजवे. ती त्याबद्दलच बोलत होती, तेवढ्यात शेजारच्या कमलताई आल्या.

"पोरगी अमेरिकेत कुठं हाय म्हनायची?"

"शिकागोजवळ," मी म्हणाले.

मीना हसली. "मावशी, शिकागो दुसऱ्या राज्यात हाय. आमच्याकडं नुसता मका."

"मका तर आमच्यातबी हाय. त्यासाठी इमानात बसायचं व्हय?"

सगळ्या हसलो. मीना मात्र पुढं काजव्यांबद्दल बोललीच नाही.

का म्हणाले मी असं? वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांत आयोवा कधी भेटलं नाही म्हणून? की कमलताईंना ते नाव ठाऊक नसेल म्हणून?

हे असते तर रागावले असते. आमच्या गावाला कुणी 'शिर्डीजवळ' म्हटलं, की म्हणायचे, "आमचं गाव कुनाच्या जवळ न्हाई. आपल्या जागी हाय." आणि ते काजवे यांनी पाहिले असते, तर तिथून उठलेच नसते.

दर रविवारी फोन ठेवताना मीना विचारते, "आई, कधी येतीस?" मी दरवेळी विषय बदलते. आज तिनं विचारलंच नाही.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. काय सुंदर आहे ते रान! एवढंसुद्धा तिला सांगितलं नाही.

आत्ता तिला लिहून पाठवलं : पुढच्या वर्षी काजवे कधी येतील? तेव्हा येते.