काडी न लावलेलं कापड

तिसगाव,
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. निकितास,
अ. उ. आ.

फोन तू उचलत नाहीस, पत्र तरी उचलशील म्हणून लिहायला बसले. दहावीनंतर एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इकडे सगळं बरं आहे. तुझे दाजी कपाशीच्या खुरपणीत अडकलेत आणि माझ्या शिवणाच्या मशीनचा पट्टा परवा तुटला, म्हणून कधी नव्हे ती मला दोन दिवस उसंत मिळाली.

समर्थचा फोन आला होता. तुला सातवा लागला हे माझ्या भावाकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर आणखी गोड वाटलं असतं. तो सांगत होता की बाळाचे सगळे कपडे तू घरीच शिवणार आहेस, आणि कापड असं पाहिजे की त्यात प्लास्टिकचा धागा नको, रसायनाचा रंग नको, ते बनवताना कुठलं पाणी नासलेलं नको. नगरच्या कापडबाजारात तू दुकानदारांची अशी उलटतपासणी घेतेस की ते तुला लांबून बघूनच आतल्या खोलीत जातात म्हणे. मी हसले, पण तुझा विचार मला पटला.

सोबत सहा तुकडे पाठवते आहे. मादरपाट, मलमल, खादी हे तीन तुझ्या ओळखीचे. चौथा बांबूचा. हाताला लोण्यासारखा लागतो, पण बांबू औषधात विरघळवून त्याचा धागा काढतात, तेव्हा नुसत्या नावावर भाळू नकोस. पाचवा जुन्या बाटल्या वितळवून केलेला. रस्त्यावरची बाटली उचलली हे चांगलंच झालं, पण बाळाच्या अंगाला ती बाटलीच. सहावा सेंद्रिय कापसाचा, असं दुकानदार म्हणतो. त्याच्याकडे शिक्क्याचा कागद मागितला तर चहा घेता का म्हणून विचारायला लागला.

कोणता आवडला ते कळव. बाळंतविडा मी शिवीन. आत्याचा तो मान असतो. मागच्या वर्षी आपली पोर अकरा दिवसांची होऊन गेली, तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. मी कारण विचारणार नाही. एवढं फक्त शिवू दे.

आईला नमस्कार सांग. इकडून माया आहेच, तिकडूनही थोडी पाठव.

तुझी,
मनकर्णाताई


केडगाव,
१२ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

पत्र आणि तुकडे मिळाले. आईंचे गुडघे दुखतात, बाकी त्या ठीक आहेत. समर्थची या महिन्यात दुसरी पाळी आहे.

बाळंतविडा मी स्वतः शिवणार आहे. शेजारच्या दिपालीने दुपारच्या वेळी तिचं मशीन वापरायला दिलं आहे. पहिलं झबलं असं झालं की त्यातून बाळाचं डोकं गेलं नसतं, हात मात्र तिघांचे गेले असते. उसवून पुन्हा शिवते आहे.

कापडाची एवढी चिकित्सा का, ते समर्थने सांगितलं नसेल. नागापूरला मी ज्या वर्कशॉपमध्ये टी-शर्टवर छाप उमटवायचे, तिथे मागच्या भिंतीपाशी कातरणांचा ढीग साठायचा. आठवड्यातून एकदा तो पेटवून द्यायचे. ते कापड जळायचं नाही, वितळायचं, आणि त्याचे काळे गोळे पावसात वाहून ओढ्याला जायचे. चार वर्षं मी ते बघत होते आणि तिथेच बसून डबा खात होते. आता माझ्या हातून असं वीतभर कापडसुद्धा जगात वाढू नये असं वाटतं.

तुमच्या सहाही तुकड्यांचे धागे काढून मी जाळून पाहिले. चारांची राख झाली. बाटल्यांचा वितळला, ते तुम्ही लिहिलंच होतं. सेंद्रिय म्हणून दिलेलाही अर्धा वितळला. ते तुम्ही लिहिलं नव्हतं.

तरी नवं कापड कोणतं घ्यावं ते कळवा. तुमचा अनुभव मोठा आहे. शिवण मात्र माझी.

कळावे.

निकिता


तिसगाव,
२० ऑगस्ट २०२५

चि. सौ. निकितास,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. सहावा तुकडा न तपासता पाठवला ही माझी चूक, कान धरते. पण तू माझ्या हातच्या मादरपाटालाही सोडलं नाहीस हे मनाला लागलं. वीस वर्षं कापड हाताळते आहे मी, निकिता.

नवं कोणतं घ्यावं विचारतेस, तर खरं सांगू, कोणतंच नको. तुम्ही शहरातली माणसं सुती म्हटलं की हात जोडता. तो कापूस माझ्या दारासमोर उभा आहे. या हंगामात त्याच्यावर चार फवारण्या झाल्या. हे पाठीवरचा पंप उतरवून घरात येतात तेव्हा अंघोळ होईपर्यंत त्यांच्याजवळ बसवत नाही. मी त्यावरून बोलले तर म्हणाले की बोंडअळीला काय हळदकुंकू लावू का, फवारलं न्हाई तर वेचायला काय अळ्याच ऱ्हातील. तेही खोटं नाही. सेंद्रियवाल्यांचं काम खरं असेल तिथे चांगलंच आहे, पण कुठे खरं आणि कुठे नुसतं छापलेलं, हे तू माझ्याच तुकड्यावर बघितलंस.

म्हणून जे कापड आधीच पिकलं, विणलं, रंगलं आणि शंभर वेळा धुतलं गेलं, ते घे. त्याला आता नवं पाणी लागत नाही की नवा फवारा लागत नाही. बाळाला पहिलं जुनेरंच घालायची आपली रीत उगाच पडलेली नाही. आईची सुती लुगडी तुमच्या कपाटात आहेत, त्यातलं एक मागून घे. बसण्याचा भाग विरलेला असतो, तो सोड. उजेडात धरलं की कुठे दम आहे ते दिसतं. शिवण बाहेरच्या अंगाला ठेव म्हणजे टोचणार नाही. बटणं नकोत, त्याच कापडाचे बंद लाव. आणि दोराही सुती बघून घे, बाजारातली बहुतेक रिळं प्लास्टिकच्याच धाग्याची असतात. सगळं कापड शुद्ध आणि दोरा तसला, असं होऊन बसायचं.

परवा पोळा आहे, बैलांच्या झुली काढून उन्हात टाकल्यात. काम बरंच आहे, पण मन लागत नाही. कारण विचारणार नाही म्हटलं होतं, तरी विचारतेच. माझ्यावरचा तुझा विश्वास नेमका कुठे उसवला, ते एकदा सांगून टाक. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण गप्प राहू नकोस.

जीव लावून असलेली,
मनकर्णाताई


केडगाव,
३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

महालक्ष्म्यांचं विसर्जन काल झालं. ते होईपर्यंत थांबले. सणाच्या दिवसांत हे लिहायचं नव्हतं.

आईंचं लुगडं काढायला कपाट उघडलं तर तळाशी ती कुंची सापडली. गुलाबी, पाठीवर गोंडे लावलेली. दवाखान्यातून पोरीला आठव्या दिवशी घरी आणलं आणि दहाव्या दिवशी तुम्ही बाळंतविडा घेऊन आलात. बारसं दोन दिवसांवर होतं. एप्रिलचं ऊन होतं, पंख्याची हवासुद्धा गरम यायची. मी दोनदा कुंची काढायला गेले. आई म्हणाल्या की आत्यानं आणलेली कुंची पहिल्या दिवशी उतरवू ने. मी ऐकलं. संध्याकाळी तिचं अंग तापलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात ती गेली.

पंधरा दिवसांनी मी त्या कुंचीच्या आतल्या शिवणीतून धागा ओढला आणि पेटवला. राख झाली नाही. वितळून काळा मणी झाला. काडी विझायच्या आधी मला तो वास ओळखू आला होता, चार वर्षं तोच वास नाकात होता.

वीस वर्षं कापड हाताळते असं तुम्हीच लिहिलंय. मग हे तुम्हाला कळलं नसेल का? भर उन्हात माझ्या पोरीला तुम्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत, ताई. हे मी आजवर कुणालाही बोललेले नाही, समर्थलासुद्धा नाही.

मोठ्यांना असं लिहू नये हे मला कळतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

निकिता


तिसगाव,
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. निकितास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देते.

कापड प्लास्टिकचं होतं. तुझं खरं आहे आणि ते मला माहीत होतं, तुझ्या आधीपासून. पोरीला पोचवून मी तिसगावला आले त्याच दिवशी उरलेला तुकडा काढला आणि चुलीपुढे बसून धागा पेटवला. तुला जे दिसलं तेच मला दिसलं.

आधी का नाही पेटवला, ते सांगते. नवीन कापड आलं की धागा जाळून बघायची माझी सवय आहे, साध्या ब्लाऊजपीसलाही सोडत नाही. फक्त बाळंतविड्याला नाही. सासूबाईंनी मला कापड बेतायला शिकवलं तेव्हाच बजावलं होतं की लेकराच्या कापडाला काडी लावू ने, इडापिडा लागती. बाजारातल्या त्या कापडाच्या काठावर शुद्ध सुती असं छापलेलं होतं. मला जरा शंका आली होती, निकिता. मी काडी हातात घेतली आणि परत पेटीत ठेवली. अपशकुन टाळायला गेले मी.

तेव्हापासून एकाही लेकराचं शिवलेलं नाही. शेजारच्या भागूबाईला नात झाली, ती कापड घेऊन आली, तर मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं आणि तिच्यादेखत दुसरीचं ब्लाऊज शिवत बसले. ती काय समजायची ते समजली. तुझं बाळ येतंय कळल्यावर वाटलं की याचं शिवलं तर हात मोकळे होतील. तो माझा स्वार्थ होता. तुला सगळं सांगायला हवं होतं, पण मी भ्याले. समर्थ माझ्याशी बोलायचा बंद होईल, आई तोंड फिरवील, असलेच विचार करत राहिले, आणि तू तिकडे एकटीच हे घेऊन बसली होतीस.

माफी मागत नाही, ती कोणत्या तोंडाने मागू? मी बारशाला येणार नाही. समर्थला काही तरी कारण सांगेन. त्या कुंचीचं काय करावं मला सुचत नाही. जाळलीस तर धूर होईल आणि पुरलीस तरी ती कुजायची नाही.

तब्येत सांभाळ. दुसरं काही मागत नाही.

मनकर्णा


केडगाव,
१५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी खूप संताप आला. माहीत असून गप्प राहिलात म्हणून दोन दिवस मी धड जेवलेसुद्धा नाही. मग तो राग मला धरून ठेवता येईना, कारण माझ्याकडेही एक गोष्ट आहे जी मी कुणाला सांगितलेली नाही.

धागा जाळल्यावर मी कुंची पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि स्पष्ट सांगितलं की यानं काही झालेलं नाही. पोर आठव्यातच आली, फुप्फुसं कच्ची होती, त्यात जंतू शिरले, ताप त्याचा होता. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. घरी येऊन मी ते कुणालाही कळू दिलं नाही.

ताई, डॉक्टरांनी मला सहाव्यातच आराम करायला सांगितलं होतं. मी घरी बोलले नाही. लाईनची सुपरवायझर होणार होते, दोन महिने कळ काढू म्हटलं. दिवसभर छाप उमटवायच्या त्या गरम प्रेसपुढे उभी असायचे. डॉक्टर म्हणतात, आराम केला असता तरी ती लवकर आली असती की नाही, सांगता येत नाही. त्या सांगता येत नाही या शब्दांनी मला वर्षभर झोपू दिलेलं नाही. तुमचा दोष धरून बसलं की माझा दिसत नव्हता. हे सगळं कापड जाळून बघणं थोडं ओढ्याच्या पाण्यासाठी होतं आणि बरंचसं माझ्यासाठी.

आईंनी लुगडं स्वतःहून काढून दिलं आहे. धागा जाळून पाहिला, चिमूटभर करडी राख झाली. तरी कात्री लावायला हात धजत नाही. चार दिवस ते खाटेवर नुसतं पडून आहे. तुम्ही या. तुम्ही बेता, मी शिवते.

आणि एक विचारायचं आहे. बारशाला एकच दिवस उरला होता, म्हणजे नाव तुमच्या मनात ठरलेलं असणार. दवाखान्याच्या कागदावर तिच्या नावाच्या जागी निकिताचं बाळ एवढंच लिहिलंय. तिची आठवण आली की हाक कशी मारावी तेच कळत नाही. काय ठरवलं होतं?

लोभ ठेवा म्हणायला तोंड नाही, तरी ठेवा.

तुमची,
निकिता


तिसगाव,
१८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. निकितास,
पोटभर आशीर्वाद.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते. हे सोडायला येणार आहेत. कात्री माझी आणते, तुझ्या दिपालीची नको. आठवा चालू आहे हे मी विसरलेले नाही, तेव्हा डॉक्टरांनी या वेळी काय काय सांगितलंय ते आल्या आल्या मला सांगायचं, एक शब्द लपवायचा नाही. मी येईपर्यंत मशीनवर बसायचं नाही. शिवण पुढे होत राहील.

डॉक्टरांचं तू लिहिलंस ते वाचून मी रडले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तुझं जे ओझं आहे ते माझ्या सांगण्याने उतरणार नाही. पण आता ते तुझ्या एकटीचं नाही.

नावाचं विचारलंस. त्या सकाळी दवाखान्यात, पोरीला शेवटचं समर्थच्या हातात देण्याआधी, दुपट्याचं टोक सारखं करायचं निमित्त करून मी वाकले आणि तिच्या कानात नाव सांगितलं. पाळणा नव्हता, कुर्र करायला आवाज फुटला नाही. असं कुणी करत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून कुणाला बोलले नाही. पुढे त्या तुकड्याचा धागा जाळला, आणि तुला ते नाव सांगायचा हक्क आपल्याला उरला नाही असं समजून गप्प बसले.

तुझी पोर बिननावाची गेलेली नाही, निकिता. नाव घेऊन गेली.

चैत्रालीची आत्या,
मनकर्णा