धड्यापुरतं मरण

हाजीणबाई तफीदाताई,

तुला सलाम, तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा सलाम, आणि बदकांना माझी आठवण सांग. मी बरी आहे. म्हणजे जिवंत आहे, हे तू परवा स्वतः चिमटा काढून पाहिलंसच (दंड अजून काळानिळा आहे). देव तुझी बोटं अशीच दणकट ठेवो.

तू तणतणत निघून गेलीस, म्हणून झालं काय ते लिहिते. मलाही धड कळलेलं नाही, तेव्हा दोघी मिळून गोंधळू. आपली इब्तिहाल कायद्याच्या कॉलेजात वारसाहक्क शिकवते आणि तिची नोकरी अजून कच्ची आहे, हे तुला ठाऊकच आहे. यंदाचा नवा धडा बड्या साहेबांना पसंत पडला तर पक्की, नाही तर पोरगी घरी. तिच्या मदतीला कॉलेजानं मुहाब नावाचा एक गडी दिला. हा वकील नाही, मास्तरही नाही. मग करतो काय? तर शिकवणाऱ्यांना कसं शिकवायचं ते शिकवतो. (म्हणजे सुईणीला बाळंतपण शिकवणारा, आणि स्वतः पुरुष! असो.) माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझी मुलूखियाची भाजी ओरपत तो म्हणाला, "डॉक्टरबाई, दोन तास नुसतं बोललात तर पोरं झोपायला शिकतात. आधी ठरवा, धडा संपल्यावर त्यांना काय करता आलं पाहिजे?" इब्तिहाल म्हणाली, "वाटणी." "मग वाटणीच करायला द्या. छोटे तुकडे पाडा. आणि माणसं खरी वाटू देत. 'अ' मेला म्हणून कोण रडतंय?"

धड्याचे तुकडे म्हणजे भेंडीसारखे चिरायचे की काय, कोण जाणे. मी आपलं म्हटलं, "माझं नाव घ्या की! कुणाला उपयोग तरी होऊ दे माझा." इब्तिहाल ओरडली, "आई, अभद्र बोलू नकोस!" पण मुहाब खूश. त्यानं पोरांच्या फोनवर सोडून दिलं: महल्ला शहरातली वगीदा, मरहूम अब्दुलमौलाची विधवा, वारली, मागे मुलगा, मुलगी इब्तिहाल आणि कफ्र सलीम गावची हाजीण तफीदा ही सख्खी बहीण.

आता तूच सांग, आपल्याकडे मयताची बातमी आणखी कशी लिहितात? आधी गाव, मग नवरा, मग मुलंबाळं, मग बहीण. खाली 'प्रत्येकाचा वाटा काढा' असं होतं, पण मयताची बातमी शेवटपर्यंत वाचतो कोण? तुमच्या गावची एक पोरगी त्या वर्गात आहे. तिच्या आईनं फोन पाहिला आणि तशीच धावली तुझ्या दारी.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. दार उघडलं तर काळ्या कपड्यांतल्या बायका, आणि पुढे तू, हंबरडा फोडत, "माझी वगू गेली गं!" मी विचारलं, "कोण गेलं?" तू म्हणालीस, "तू!" आणि माझ्याच गळ्यात पडून रडलीस. आलेल्या माणसांना रिकामं कसं पाठवायचं? शेवटी माझ्या मयताची बिनसाखरेची कॉफी मीच उकळली. वर शेजारची उम्म शौकत म्हणते कशी, "कॉफी पातळ झालीय. वगीदा असती तर घट्ट केली असती!"

तोवर तुझी माया होती गं माझ्यावर. मग सगळ्यांना समजवायला इब्तिहालनं धड्याचं उत्तर सांगितलं: मुलगा असला की बहिणीला काही नाही. तुझे डोळे जागच्या जागी कोरडे! "मुलगा? हिला मुलगा कधी झाला?" मुहाब चाचरत म्हणाला, "हाजीण, धडा जरा अवघड व्हावा म्हणून मीच घातला." तू कडाडलीस, "माझ्या विधवा बहिणीला मुलगा देणारा तू कोण रे?" बिचारा टोमॅटोसारखा लाल झाला. (मी मात्र पदराआड हसून घेतलं.) तुला राग नेमका कशाचा आला, मी जिवंत निघाले त्याचा, की न झालेल्या मुलाचा, हे काही मला अजून उमगलेलं नाही.

तुझी लाडकी, धडा सोडून बाकी सगळीकडे जिवंत,
वगीदा

ता. क. बड्या साहेबांकडे फोनवरून केलेली तक्रार मागे घे. ती आहे तोवर धडा अडकलाय, आणि धड्यापायी इब्तिहालची नोकरी. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले. गुडघ्याची चौकशी ओघात झाली.

आणखी एक. मुहाब म्हणतो, धड्याला दुसरा भाग हवा, नाही तर पोरांना समजलंय की त्यांनी घोकलंय ते कळत नाही. त्या भागात मुलगा नसेल. मग अर्धं इब्तिहालला आणि अर्धं तुला. पण तक्रार मागे घेतलीस तरच दुसरा भाग निघेल. नाही तर या वयात मला आणखी दोन मुलगे होतील, सांगून ठेवते.