तळघरातला बॉयलर आणि लेओकाद्या आत्या

सुवाल्की, १७ जानेवारी

आदरणीय विन्सेंतीदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बोगुमिलचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ग्दिनियाच्या खाऱ्या वाऱ्यात तो ठणकतो, असं वहिनींनी नाताळात कळवलं होतं. बदकाची चरबी चोळून बघा. गुण नाही आला तरी काहीतरी करतोय असं समाधान मिळतं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे जिवंत आहोत, आणि ते कसं राहिलो तेच सांगायला हे पत्र.

मी शूर माणूस नाही, हे तुम्हाला लग्नापासून ठाऊक आहे. चाळीस वर्षं भूगोल शिकवला, ज्वालामुखीवर तास तास बोललो, पण काडेपेटीची काडी ओढताना अजून तोंड फिरवतो. तुम्ही आमच्या तळघरात तो कोळशाचा बॉयलर बसवून दिलात (उपकार विसरलेलो नाही), तेव्हापासून मी रोज दोनदा दार उघडतो, कोळसा भिरकावतो आणि मागच्या मागे पळतो. तो कधीतरी फुटणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. प्रश्न फक्त तारखेचा होता.

तर सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापासून वरच्या मजल्यावरचे, बॉयलरच्या पाण्याने खोल्या तापवणारे रेडिएटर गार पडायला लागले. बाहेर उणे बावीस. खाली बैठकीत आम्ही स्वेटर काढून बसतोय, आणि वर तुमच्या लेओकाद्या आत्या शहाऐंशीव्या वर्षी लोकरी टोपी घालून, दोन रजया पांघरून. तक्रार एका शब्दाची नाही. फक्त जेवायला कोट घालून यायच्या आणि सूप न पिता वाटीवर हात शेकत बसायच्या. ते बघून हालश्का माझ्याकडे बघायची. (ती बघते कशी, ते तुम्ही लहानपणापासून सोसलंय.) शेवटी मी हत्यारं काढली. आधी वाटलं, रेडिएटरमध्ये हवा अडकली असेल. किल्ली फिरवली, तर हवेऐवजी काळं पाणी पिचकारीसारखं आलं. ते आता भिंतीच्या नव्या कागदावर आहे. मग वाटलं, पाणी फिरवणारा पंप बसला. त्याला पेचकस टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, तर तो मजेत गुणगुणत होता. मग पाइपावर हात फिरवत गेलो आणि सापडलं. पंपाच्या आधी गाळ अडवणारी जी जाळी आहे, तिच्या अलीकडचा पाइप चटका देत होता आणि पलीकडचा जेमतेम कोमट. जाळी तुंबली होती! दादा, आयुष्यात पहिल्यांदा मला आपण पुरुष असल्यासारखं वाटलं. मी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, जाळी काढली आणि धुवायला वर स्वयंपाकघरात नेली.

फक्त एक गोष्ट राहिली. दहा मिनिटांपूर्वीच मी बॉयलरमध्ये दोन पाट्या कोळसा घातला होता, आणि त्यातल्या पाण्याला फिरायला आता वाट नव्हती.

कोबी धुवायच्या जागी तो काळा चिखल बघून हालश्काने मला फैलावर घेतलं, त्यात वीस मिनिटं गेली. मग खालून आवाज आला. ढाम्. कुणी लोखंडी दारावर घण घालावा तसा. मग पुन्हा ढाम्, ढाम्, आणि पाठोपाठ घरातले सगळे पाइप थडथडायला लागले. मी एका हातात जाळी, दुसऱ्या हातात हालश्काचा हात घेऊन सपातांवर अंगणात धावलो. बॉयलरचं तापून फुगलेलं पाणी जिच्यात चढतं, ती माळ्यावरची टाकी भरून वाहायला लागली होती आणि तिच्या नळीतून उकळतं पाणी बर्फावर ओतत होतं. वाफेत घर दिसेना.

हालश्का म्हणाली, "आत्या कुठंय?"

मला आत्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही.

आत गेलो. पाय कुणाचे होते माहीत नाही, माझे तर नव्हते. वर खोली रिकामी, रजया खाली पडलेल्या. हाका मारल्या. मग तळघराच्या जिन्यात धूर दिसला. खाली आत्या उभ्या होत्या, कोट, टोपी सगळं अंगावर, आणि फावड्याने जळता कोळसा ओढून पत्र्याच्या घमेल्यात टाकत होत्या.

"आलात का जावईबापू? खिडकी उघडा आधी."

"आत्या, मी नळ सोडतो, गार पाणी—"

"नळाला हात लावाल तर हे फावडं डोक्यात घालीन! तापल्या तव्यावर पाणी ओततात का? फुटेल ते. व्हॉल्व्ह कुणी बंद केले?"

"मी."

"आग चालू ठेवून?"

"हो."

"मुलं पास कशी व्हायची हो तुमच्याकडे?"

आरोग्यधामाच्या धोबीखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलेली बाई ती! आम्ही त्यांना इतकी वर्षं फक्त पांघरूण घालत आलो. ढामढाम मंदावल्यावर त्यांनी माझ्याकडून जाळी बसवून घेतली आणि व्हॉल्व्ह इंच इंच उघडायला लावले. तेवढा वेळ माझ्या मनगटावर त्यांचा हात होता. तासाभराने वरचा रेडिएटर तापला. आत्यांनी टोपी काढली.

सगळ्यांना नमस्कार.

आपला नम्र,
बोगुमिल

ता. क. : याच टपालाने हालश्काचंही पत्र येईल. वर पुन्हा गार पडेल, म्हणून आत्यांना वसंतापर्यंत ग्दिनियाला न्या, असं तिने लिहिलंय. दादा, जागा नाही म्हणून कळवा. गुडघ्याचं कारण सांगा. हे आत्यांसाठी नाही, माझ्यासाठी मागतोय. हल्ली मी कोळसा घालताना त्या तळघरात स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "घाला, मी बघतेय." त्या नसल्या तर माझ्याने ते दार उघडणार नाही.

ता. क. दुसरं : पाकीट चिकटवायला आत्यांकडे दिलं, ही चूक झाली. त्यांनी सगळं वाचलं. त्या म्हणतात, येणारच, एप्रिलात, महिनाभर; त्यांना समुद्र बघायचाय. आणि एप्रिलात कोळसा लागतोच कुठे? दादा, सुवाल्कीत एप्रिलात बर्फ पडतो, हे भूगोलाच्या मास्तरला सांगायला नको. मे म्हणा. पाया पडतो, मे म्हणा.